दोनशे चौसष्ट अंश

कायतान मेस्तनं दोन कॅमशाफ्ट बाकावर ठेवले,
खाली जुन्या वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान.
तेलात न्हालेले, दिसायला सख्खे भाऊ.
"हात लावून बघ, बाय."
मी लोबवरून बोट फिरवलं.
कंपनीच्या शाफ्टाचं नाक नेटकं,
दुसऱ्याचं पसरट, जरा उर्मट.

बाहेर जिप्सी बॉनेट उघडून उभी.
तिच्या पोटात आता बलेनोचं सोळाशेचं इंजिन,
कुडचड्याच्या भंगारातून आणलेलं.
ऑफिसात सांगितलंय, गाडी दुरुस्तीला टाकली.
खोटं नाही ते. अगदी खरंही नाही.

मला हवा होता तो उर्मट, दोनशे अठ्ठ्याऐंशीचा.
वेर्ण्याच्या पठारावर एका पोराच्या गाडीत ऐकलेला:
उभ्या जागी अडखळायचा,
घुमटावर कुणी मुद्दाम मात्रा सोडावी
आणि पडता पडता झेलावी, तसा.

मेस्तनं चष्मा कपाळावर सरकवला.
"पळते किती, ते मागाहून. रोज जातेस कुठे?"
चोडणहून फेरीनं रायबंदर. तिथून पणजी.
संध्याकाळी उलट.
"मग आठवडाभर वहीत लिही, काटा कुठे असतो."

सोमवार. धक्क्यावर रांग, वीस मिनिटं, काटा आठशेवर.
मंगळवार. बसच्या मागे, दोन हजार.
बुधवार. पुढे पोदेराची सायकल, पों पों, पंधराशे.
गुरुवार. ओहोटी. फेरीचा फळा खोल पडलेला,
उतरताना ब्रेक, चढताना पहिला गिअर, अर्धा क्लच,
मागे मासळीचा टेंपो शेपटीला नाक लावून.
शुक्रवार रात्र. बांबोळीचा चढ, रस्ता रिकामा.
साडेपाच हजार. अकरा सेकंद.
अकराखाली मी दोन रेघा ओढल्या.

मेस्तनं वही वाचली, वाणी उधारी वाचतो तशी,
ओठ हलवत.
"मोठ्यात झडपा उशिरापर्यंत उघड्या.
येणारं आणि जाणारं दारातच भेटतं.
पाच हजारांवर त्यांचा मेळ बसतो,
खाली नुसती धक्काबुक्की.
इंजिनाची आत ओढायची ताकद घटते,
आणि तुझा ब्रेक जगतो त्याच ओढीवर.
ओहोटीला, ओल्या फळ्यावर, पेडल दगड होईल.
आणि पुढे मांडवी."
जरा थांबून म्हणाला,
"मांडवी खोल आसा."

"आणि ते अकरा सेकंद?"
तो हसला नाही. म्हणून तर मी त्याच्याकडे जाते.
खालचा खण ओढला, चिंधीत गुंडाळलेला तिसरा काढला,
दोनशे चौसष्टचा.
"अकरा नाही. सात मिळतील."
मग शाफ्ट उजेडाकडे धरून, स्वतःशीच:
"साडेसात. झडपांचं अंतर नीट ठेवलं तर."

आता महिना झाला.
रांगेत काटा नऊशेवर उभा,
किंचित थरथर, एवढीच की
आरशात रायबंदरचं चर्च हलतं
आणि शेजारी बसलेल्या शेवंतीबाईंना कळत नाही.
एसी लावला तरी मान टाकत नाही.
मोठा शाफ्ट मेस्तच्या फळीवर अजून आहे.
कुणासाठी ठेवलाय, मी विचारलेलं नाही.
गेले की नजर मात्र आधी तिथेच जाते.

आज पुन्हा ओहोटी.
फळा उतरला, साखळ्या वाजल्या,
आणि नेमकं चढाच्या मध्यावर
धक्क्यावरचं ते लंगडं कुत्रं आडवं.
टेंपोनं हॉर्न दिला. खलाशी ओरडला.
मी क्लच अर्ध्यावर धरून ठेवला.
खाली पाणी, खाली पत्रा, पायात ती बारीक थरथर.
कुत्रं उठलं, पाठ ताणली,
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि सगळा वेळ आपलाच असल्यासारखं
बाजूला गेलं.

इंजिन बंद पडलं नाही.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर येऊन मी दुसरा टाकला.
शुक्रवार अजून तीन दिवस लांब.